मांजर घालवून पिसवा जात नाहीत

पाऊस एकदा स्थिरावला की माझ्या दवाखान्यात एक ठरलेली तक्रार सुरू होते. "डॉक्टर, पायाला काहीतरी चावतंय." बघावं तर घोट्यापासून पोटरीपर्यंत लाल पुरळ, प्रत्येकाच्या मधोमध बारीक ठिपका, दोन-तीन चावे एका ओळीत, आणि खाजवून खाजवून त्यातले काही फुटलेले. मी विचारतो, "घरात मांजर आहे?" यावर दोनच उत्तरं मिळतात. एक, "आहे, पण ती स्वच्छ असते हो." आणि दुसरं, "होती. डॉक्टरांनीच सांगितलं काढून टाका, म्हणून हे तिला पिशवीत घालून मच्छीमार्केटजवळ सोडून आले." "मग चावणं थांबलं?" "कसलं थांबतंय, उलट वाढलं!"

हे 'उलट वाढलं' अगदी खरं असतं. म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. पिसवा झाल्या म्हणून मांजर घराबाहेर काढायला सांगणं हा चुकीचा सल्ला आहे. दयामाया, पाप-पुण्य हे सगळं क्षणभर बाजूला ठेवा. केवळ तुमच्या पायांचा विचार केला तरी तो चुकीचाच आहे. आणि हा सल्ला देणाऱ्यांत आमचे डॉक्टर बंधू-भगिनी पुष्कळ आहेत, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

असं का, ते समजायला पिसवेचा संसार थोडा बघावा लागेल. मांजरीच्या अंगावर दिसते ती पिसू बहुतेक वेळा एकाच जातीची असते. शास्त्रीय नाव टेनोसेफॅलाइडिस फेलिस, म्हणजे मांजरीची पिसू. नाव मांजरीचं असलं तरी कुत्र्याच्या अंगावरही बहुधा हीच सापडते. ती मांजरीच्या केसांत राहते, रक्त पिते, आणि पहिल्यांदा रक्त प्यायल्यावर एक-दोन दिवसांत अंडी घालायला लागते. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते. मात्र ही अंडी उवांच्या लिखांसारखी केसाला चिकटत नाहीत. ती मिठाच्या कणांसारखी घरंगळून खाली पडतात. मांजर जिथे झोपते, बसते, उडी मारते तिथे तिथे. तुमच्या गोधडीत, सोफ्याच्या फटीत, पायपुसण्याखाली, जिन्याखालच्या गोणपाटांत.

अंड्यांतून बारीक, पांढरट अळ्या निघतात. त्यांना उजेड नको असतो, त्या फटीत शिरतात आणि वरून पडलेली मोठ्या पिसवांची विष्ठा, म्हणजे खरं तर सुकलेलं रक्तच, खाऊन वाढतात. मग त्या स्वतःभोवती चिकट कोष विणतात. त्या कोषाला धूळ, वाळू, केस चिकटतात आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसेनासा होतो. औषधाची फवारणीही त्याच्या आत नीट पोचत नाही. आपल्याकडच्या उबदार, दमट हवेत अंड्यापासून पिसू व्हायला तीन-चार आठवडे पुरतात. पण कोषातली तयार पिसू घाई करत नाही. बाहेर खायला कुणी नाही असं वाटलं तर ती आत कित्येक आठवडे, कधी महिनोन् महिने बसून राहते. जमीन हादरली, ऊब जाणवली, श्वासातला कार्बन डायऑक्साइड आला की ती क्षणात बाहेर पडते आणि उडी मारते.

कोकणातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. गणपतीला चाकरमानी येतात, बंद घर उघडतात, आणि माजघरात पाय ठेवल्याबरोबर पोटऱ्यांवर काळे ठिपके उड्या मारू लागतात. पावसात एखाद्या मांजरीने माळ्यावर नाहीतर पडवीत पिल्लं घातलेली असतात आणि पिल्लं मोठी होऊन ती निघून गेलेली असते. मांजर नाही, माणूस नाही. कोष मात्र वाट बघत बसलेले.

घरातल्या सगळ्या पिसवांचा हिशेब मांडला तर मोठ्या, मांजरीच्या अंगावर दिसणाऱ्या पिसवा जेमतेम ५ टक्के भरतात, असा साधारण अंदाज आहे. उरलेल्या ९५ टक्के अंडी, अळ्या आणि कोष यांच्या रूपात घरात पडलेल्या असतात. आता मांजर मच्छीमार्केटजवळ सोडून आलात म्हणजे काय केलंत? ५ टक्के पिसवा तिच्याबरोबर गेल्या. ९५ टक्के घरातच राहिल्या. पुढचे काही आठवडे त्या कोषांतून बाहेर पडतील तेव्हा त्यांना त्यांची आवडती मांजर सापडणार नाही. सापडणार तुम्ही. म्हणून मांजर गेल्यावर चावणं वाढतं.

याच्या उलट करून बघा. मांजर घरातच ठेवा आणि तिच्या मानेवर योग्य औषध लावा. कोषातून निघालेली नवी पिसू तुमच्यापेक्षा मांजरीकडे धावते, तिच्या अंगावर चढते आणि अंडी घालायच्या आधी मरते. घरभर हिंडणारा, आपणहून पलंगाखाली, कपाटामागे जाणारा याहून चांगला सापळा बाजारात विकत मिळत नाही. आणि आपण हा सापळाच पिशवीत घालून सोडून येतो. (तसंही, पाळलेलं जनावर उपाशी-तहानेलं मरेल अशा रीतीने टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पण तो मुद्दा वकिलांवर सोडतो.)

चावणाऱ्या त्या पिसवाच आहेत कशावरून? डासाचा चावा उघड्या अंगावर कुठेही असतो. पिसू बहुतेक वेळा गुडघ्याच्या खालीच चावते, कारण तिची उडी तेवढीच. लहान मूल जमिनीवर लोळत असेल, किंवा मांजर कुशीत झोपत असेल, तर मात्र पोटावर, कमरेवरही चावे दिसतात. घरातल्या सगळ्यांना सारखं दिसत नाही. एकाचे पाय भरून जातात आणि शेजारी झोपणाऱ्याला काहीच नाही, कारण ही खाज म्हणजे पिसवेच्या लाळेची अॅलर्जी असते आणि ती प्रत्येकाची वेगळी. त्यामुळे "मला तर काही चावत नाही, तुलाच कसं?" हा वाद घालू नका. लहान मुलांत एक नवा चावा झाला की जुने, वाळत आलेले चावेही पुन्हा उठतात आणि आईला वाटतं की अंगभर काहीतरी पसरलंय.

खरजेशी याची गल्लत फार होते. खरूज बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती येते, रात्री जास्त खाजते आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाते. पिसवांच्या चाव्यांना खरूज समजून दोन-दोनदा क्रीम लावून झालेले पेशंट मी दर वर्षी बघतो. क्रीमने गुण येत नाही, कारण पिसू माणसाच्या अंगावर राहतच नाही. ती चावते आणि निघून जाते.

खात्री करून घ्यायची सोपी रीत आहे. उवा काढायची बारीक दातांची फणी घ्या, मांजरीच्या शेपटीच्या मुळाशी आणि मानेखाली केसांतून फिरवा. फणीत काळी पूड आली तर ती ओल्या पांढऱ्या कागदावर झटका. नुसती धूळ असेल तर काळीच राहील. पिसवांची विष्ठा असेल तर तिच्याभोवती तांबूस-तपकिरी डाग पसरेल. ते तुमच्या मांजरीचं पचलेलं रक्त. एकही जिवंत पिसू दिसली नाही तरी एवढा पुरावा पुरतो, कारण मांजर दिवसभर स्वतःला चाटत बऱ्याच पिसवा गिळून टाकते. "आमची स्वच्छ असते" म्हणणाऱ्यांच्या घरीही कागद तांबडा झालेला मी पाहिला आहे.

आता ज्यामुळे सगळ्यात जास्त नुकसान होतं, त्या गोष्टीकडे येतो.

खरजेसाठी आम्ही माणसांना जी क्रीम लिहून देतो, तिच्यात बहुधा ५ टक्के परमेथ्रिन असतं. माणसाला ते सुरक्षित आहे. कुत्र्यालाही चालतं, म्हणून कुत्र्यांच्या पिसवा-गोचिडांच्या कित्येक औषधांत ते असतं, आणि त्यात त्याचं प्रमाण या क्रीमपेक्षा कितीतरी जास्त असू शकतं. मांजरीला मात्र परमेथ्रिन हे विष आहे. आपलं यकृत अशी रसायनं एका विशिष्ट प्रक्रियेने निकामी करून बाहेर टाकतं. मांजरीच्या यकृतात ती यंत्रणा फार दुबळी असते. परमेथ्रिन तिच्या अंगात साठतं आणि थेट नसांवर काम करतं. काही तासांत कान आणि कातडी फडफडायला लागते, तोंडातून लाळ गळते, अंग थरथरतं, मग झटके येतात. वेळेत उपचार मिळाले नाहीत तर ती मरते.

एका कुटुंबात असंच झालं. शाळेत जाणाऱ्या मुलीला कुणीतरी खरजेची क्रीम दिली होती. अर्धी ट्यूब उरली. मांजर खाजवत होती, तेव्हा उरलेली क्रीम तिला चोळली. पोरीनेच चोळली, माया करून. दुपारपर्यंत मांजर कोपऱ्यात पडून आचके देत होती. तिच्या आईने मला फोन केला तो "मांजर पिसाळली का, हिला इंजेक्शन द्यावं लागेल का" हे विचारायला. क्रीमचं नाव विचारल्यावर उलगडा झाला. भांडी घासायच्या सौम्य साबणाने कोमट पाण्यात तिला धुवायला लावली, टॉवेलात गुंडाळून पशुवैद्यांकडे पाठवली. दोन दिवस सलाइनवर राहून ती वाचली. सगळ्या वाचत नाहीत. यात मुलीची चूक काहीच नव्हती. ती ट्यूब देताना "घरात मांजर असेल तर तिला लावू नका" हे एक वाक्य कुणी बोललं नव्हतं. वेष्टनावरही ते ठळक कुठे दिसत नाही. मला विचाराल तर आमच्यापैकी जो जो ही क्रीम लिहितो, त्याने हे वाक्य चिठ्ठीवर लिहायला हवं. स्वतःच्या अंगाला ती क्रीम लावली असेल तेव्हाही, अंघोळ होईपर्यंत मांजरीला कुशीत घेऊ नये.

याच घराण्यातली सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही नावं तुम्हाला मुंग्या-झुरळांच्या खडूंवर, पावडरींवर आणि फवाऱ्यांवर दिसतील. मांजर अंग चाटते, त्यामुळे जे तिच्या केसांवर ते तिच्या पोटात जाणार. शेतीची कीटकनाशकं पाण्यात मिसळून जनावर पुसून काढायची सवय खेड्यांत अजून आहे, ती मांजरीच्या बाबतीत तर अजिबात नको. कुत्र्याच्या गोचिडांसाठी वापरतात ते अमिट्राझही नको. रॉकेल नको, डांबरगोळ्या नकोत, कापराचं तेल नको, टी ट्री ऑइल नको. "नैसर्गिक आहे, काय होतंय?" असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो की यकृताला नैसर्गिक आणि कृत्रिम यातला फरक कळत नाही. जाता जाता आणखी एक. तीच यंत्रणा दुबळी असल्यामुळे मांजरीला पॅरासिटॅमॉलची गोळीसुद्धा जीवघेणी ठरते. ताप वाटला म्हणून पाव गोळी देऊ नका.

मग लावायचं काय? खास मांजरींसाठी बनवलेले, मानेवर सोडायचे थेंब मिळतात. फिप्रोनिल, सेलामेक्टिन, इमिडाक्लोप्रिड असे त्यांत निरनिराळे घटक असतात. कोणता घ्यायचा हे मांजरीचं वय, वजन आणि ती गाभण आहे का यावर ठरतं, म्हणून एकदा पशुवैद्यांना विचारा. वेष्टनावर मांजरीचं चित्र आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. दुकानदार "एकच आहे हो, कुत्र्याचं अर्धं टाका" म्हणाला तर दुकान बदला. थेंब टाकायचे ते मानेच्या मागे, जिथे तिची जीभ पोचत नाही, आणि केस बाजूला करून थेट कातडीवर. केसांवरच सोडले तर निम्मं औषध वाया जातं. लावण्याच्या आधी आणि नंतर दोन दिवस तिला अंघोळ नको. घरात दोन मांजरी आणि एक कुत्रा असेल तर तिघांवर एकाच दिवशी उपचार, प्रत्येकाला त्याचं त्याचं औषध. कुत्र्याच्या औषधात परमेथ्रिन असेल तर ते बदलून घ्या, कारण मांजर त्याच्या अंगाला अंग लावून झोपते.

आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना यातली बरीच औषधं चालत नाहीत. त्यांच्यासाठी फणी, कोमट पाणी आणि साबणाच्या पाण्याचा तांब्या. फणीत आलेली पिसू त्या पाण्यात बुडवायची. काम किचकट आहे, पण टाळण्यासारखं नाही. सुमारे ७० माद्या मिळून दिवसाला १ मिलिलिटर रक्त पितात. ऐकायला थोडं वाटतं. अर्ध्या किलोच्या पिल्लाच्या अंगात रक्तच मुळी ३० मिलिलिटरच्या आसपास असतं. हिरड्या पांढऱ्या पडलेलं, मलूल पिल्लू घरी ठेवून बघत बसू नका.

घराचं काम साधं आहे, पण ते मांजरीच्या औषधाच्या बरोबरीने व्हायला हवं. मांजरीचं अंथरूण, तुमच्या चादरी, गोधड्या आठवड्यातून एकदा गरम पाण्यात. ऊन पडलं की गाद्या, सतरंज्या बाहेर. अळ्यांना कोरडेपणा आणि ऊन सोसत नाही. पावसाळ्यात त्या फोफावतात त्याचं कारण हेच. झाडताना मधल्या मोकळ्या फरशीवर वेळ घालवू नका. तिथे काही नसतं. भिंतीच्या कडा, फरशीच्या फटी, सोफ्याच्या उशांखाली, पलंगाखाली, जिन्याखाली झाडा. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तमच, त्याच्या कंपनांनी कोषातल्या पिसवा बाहेर येतात आणि ओढल्या जातात. पिशवी लगेच बांधून बाहेर टाका. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलंत तर मांजर आहे हे आधी सांगा, आणि फवारलेलं पूर्ण वाळेपर्यंत तिला त्या खोलीत सोडू नका.

आणि धीर धरा. इथेच सगळे हरतात. औषध लावून दोन-तीन आठवडे झाले की पुन्हा पिसवा दिसतात आणि निष्कर्ष निघतो, "औषध डुप्लिकेट होतं." तसं नसतं. ती आधीच्या कोषांतून निघालेली शेवटची तुकडी असते. ती संपेपर्यंत थेंब वेळच्या वेळी, बहुतेक औषधांच्या बाबतीत महिन्यातून एकदा, निदान तीन महिने चालू ठेवायचे. एकदाच लावून थांबणाऱ्याला पुढच्या महिन्यात पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पिसू म्हटलं की जुन्या माणसांच्या तोंडी अजून प्लेगच येतो. १८९६ मध्ये मुंबईत आलेल्या साथीच्या गोष्टी घराघरांत सांगितल्या गेल्या आहेत. प्लेग पसरवण्यात पिसवेचा हात आहे हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. पण ती मुख्यतः उंदरावरची पिसू, वेगळ्या जातीची. त्या भीतीने मांजर हाकलणं म्हणजे तर उफराटा न्याय झाला. एक मांजर गावातले उंदीर संपवत नाही हे मला मान्य आहे, पण भाताच्या कणगीजवळ ती बसली असली तर उंदीर तिथे बिनधास्त फिरत नाहीत. आणि लेप्टोचे रुग्ण दर पावसाळ्यात बघणाऱ्या आमच्यासारख्यांना घरात उंदीर हवेत की मांजर, हे विचारायची गरज नाही.

खरे धोके वेगळे आहेत, आणि ते माहीत असावेत. पिसू गिळली गेली तर मांजरीला, आणि क्वचित रांगत्या मुलालाही, एका प्रकारचा चपटा जंत होतो. शौचात किंवा चड्डीत तांदळाच्या दाण्यासारखे, कधी हलणारे तुकडे दिसतात. नेहमीची जंताची गोळी इथे भरवशाची नाही, प्राझिक्वांटेल लागतं. मांजरीच्या नखांत पिसवांची विष्ठा असेल तर ओरखड्यातून बार्टोनेला नावाचा जंतू शिरतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी काखेत किंवा मानेत दुखरी गाठ येते. आपल्याकडे मानेत गाठ म्हटलं की आधी टीबी आठवतो. म्हणून मांजरीने ओरबाडलं होतं हे डॉक्टरांना आपणहून सांगा. पिसवांमुळे होणारा एक टायफसचा तापही आहे: जोराचं डोकं दुखणं, अंगदुखी, चार-पाच दिवसांनी अंगावर पुरळ. वेळेत ओळखला तर डॉक्सिसायक्लिनने बरा होतो. ताप घेऊन याल तेव्हा घरातल्या मांजरीबरोबर उंदरांचीही हकीकत सांगा.

घरात कुणाला मांजरीच्या सहवासानेच दमा उठत असेल तर ती वेगळी गोष्ट. तिथे मांजरीला दुसरं चांगलं घर बघायचा सल्ला मीही देतो. पिसवा हे त्यासाठी कारण होऊ शकत नाही.

चाव्यांच्या खाजेवर कॅलामाइन, थंड पाण्याची पट्टी आणि रात्री सेटिरिझिनसारखी गोळी बहुतेकांना पुरते. मुलांना ती वयानुसार, विचारून द्या. त्यांची नखं कापा. फोडातून पू येऊ लागला, भोवती लाली पसरली किंवा ताप आला तर दाखवायला या. आणि थेंब टाकताना मांजर चावली किंवा तिने रक्त येईपर्यंत ओरबाडलं, तर ती जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, हळद-चुना काही भरू नका, आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठा. घरची मांजर असली तरी.